पालकाची संमती

वंदना मॅडमना कुणी "तुमचं गाव कोणतं?" असं विचारलं की त्या आधी मोठ्यानं हसायच्या. ते हसणं असं, की ग्राउंडच्या पलीकडच्या कुंपणावर बसलेली कबुतरं उडून जायची. मग म्हणायच्या, "आहे ना, अकोल्याकडं." दुसऱ्या कुणी विचारलं तर मूर्तिजापूर. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना त्यांनी यवतमाळ सांगितलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत आम्ही दोघी-तिघींनी ही सगळी गावं त्यांच्यापुढे मांडली, तर जराही न गडबडता त्या म्हणाल्या, "सारं खरं आहे. एका गावात जन्मली, एका गावात शिकली, एका गावात माहा मामा राह्यते. तुमी गाव इचारलं. कायचं गाव, ते कुठी इचारलं?" आणि खिशातले भाजलेले शेंगदाणे आमच्या हातांवर ठेवून ग्राउंडवर निघून गेल्या.

चिखलीतल्या आमच्या खाजगी शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. सत्राच्या मधेच असं कुणी येत नाही. सोबत मुलगी होती, समीक्षा. तिला पाचवीत बसवली. मी मराठी शिकवते, त्यामुळे ती माझ्या वर्गात आली. 'माझे घर' असा निबंध दिला, तर तिनं पानभर घरातल्या मांजरीबद्दल लिहिलं. मांजर कुठं झोपते, तिला दही कसं आवडतं, सगळं होतं. घर कुठं आहे, घरात कोण कोण आहे, यातलं एक अक्षर नव्हतं. निबंध सुंदर होता. मी पूर्ण गुण दिले.

मॅडम उंच, सडपातळ. कुडत्याखाली ट्रॅक पँट आणि पायात पांढरे बूट. ते बूट त्या दर रविवारी स्वतः घासून धुवायच्या आणि पत्र्यावर वाळत ठेवायच्या. मुलींना कबड्डी शिकवताना बाहेर उभं राहून शिट्टी मारणं त्यांना जमायचं नाही. स्वतः मैदानात उतरायच्या, पोरींच्या कमरेला मिठी घालून त्यांना पाडायच्या, स्वतः पडायच्या. "काऊन बे, जीव गेला का? उठ!" असं ओरडायच्या. पोरी त्यांच्यावर जीव टाकायच्या. ज्या आयांना आपल्या मुलींनी चड्डी घालून खेळणं पसंत नव्हतं, त्यांच्या घरी जाऊन, चुलीपाशी बसून, भाकरी थापू लागून त्यांनी परवानग्या आणल्या होत्या.

एवढ्या मोकळ्या बाईच्या काही गोष्टी मात्र चमत्कारिक वाटायच्या. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची फाटकाकडे तोंड करून असायची. दुसरी रिकामी असली तरी तिच्यावर बसायच्या नाहीत. एसटीत मागच्या बाकावर. आणि फोटो काढून घ्यायच्या नाहीत. आमच्या मुलींनी तालुक्याला पहिला नंबर आणला तेव्हा मोठी ढाल मिळाली. फोटोग्राफर आला, मुली रांगेत उभ्या राहिल्या, आणि मॅडमनी ती ढाल अशी उचलून धरली की त्यांचा चेहरा तिच्यामागं पार गेला. पेपरात तसाच फोटो आला. ढालीला पांढरे बूट फुटल्यासारखा. आम्ही आठवडाभर हसत होतो, त्याही हसत होत्या.

एकदा नांदुऱ्याला सामने होते. मुलींना रात्री राहण्यासाठी स्टेशनजवळची एक धर्मशाळा ठरवली होती. मराठीची शिक्षिका असले तरी मुलींसोबत आणखी एक बाई हवी म्हणून मीही गेले. तिथल्या व्यवस्थापकानं सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स मागितल्या. मॅडमनी आपल्या प्रथमोपचाराच्या डब्यातून चिकटपट्टी काढली. एकेका मुलीच्या कार्डावरचा नंबर झाकला, उलटं करून पत्ता झाकला, आणि मग झेरॉक्स काढायला पाठवल्या. व्यवस्थापक त्या प्रती हातात धरून बघतच राहिला.

"मॅडम, हे काय केलं तुम्ही?"

"नाव दिसून राह्यलं?"

"हो."

"फोटो?"

"दिसतो ना, पण पत्ता..."

"पोरी एक रात झोपणार हायेत तुमच्या इथं. त्याईचं घर कुठी आहे, हे तुमच्या गादीले कायले पायजे, भाऊ? लागते तेवढं घ्या."

तो माणूस वैतागला, पण शेवटी हसला आणि किल्ल्या दिल्या. परतताना मी म्हटलं, "मॅडम, जरा जास्तच होतं हो तुमचं." त्या खिडकीतून कपाशीचे ट्रक बघत राहिल्या.

त्यांनी मला सगळं सांगितलं ते अमडापूरहून येताना. आमची एक विद्यार्थिनी शाळेत यायची बंद झाली होती, तिच्या घरी आम्ही दोघी गेलो होतो. परतीची जीप भरायला वेळ होता. बाजार उठत आला होता. आम्ही एका पारावर बसलो. मी काहीही विचारलं नव्हतं. कदाचित म्हणूनच त्या बोलल्या असतील.

"समीक्षाचा बाप जित्ता आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "शाळेत मी काई सांगतलं नाई, तं सारे समजतात मेला म्हणून."

नवरा नोकरदार, नीटनेटका, गावात नाव असलेला. कधी आवाज चढवून बोलायचा नाही. आधी त्यानं त्यांचं खेळणं बंद केलं. मग मोबाइल आपल्याकडे ठेवायला लागला. मग बाहेरून कडी लावून कामावर जायचा. मारायचा तेही दार-खिडक्या लावून, तोंडातून एक शब्द न काढता. एकदा त्यांचे खेळाचे बूट त्यानं चुलीत घातले आणि ते जळेपर्यंत त्यांना समोर बसवून ठेवलं. त्या माहेरी गेल्या, तो आला. मावशीकडे गेल्या, तिथं आला. मैत्रिणीकडे लपल्या, तिथंही पत्ता काढला.

"दर वक्ती पेढ्याचा डबा घेऊन येते," त्या म्हणाल्या. "सगळ्याईच्या पाया पडते. लोक मलेच म्हणतात, बाई, एवढा देवमाणूस. अन् घरी गेलो का..."  मग म्हणाल्या, "त्याले मी पायजे असं बी नाई. त्याले शोधाचं असते. शोधण्यात त्याले मजा येते."

जीप भरली. आम्ही चढलो. त्यानंतर हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

समीक्षा सातवीत गेली त्या वर्षी शाळेनं नवी पद्धत आणली. प्रत्येक मुलाचे दाखले आता मोबाइलमधल्या एका अ‍ॅपमध्ये राहणार होते. संस्थेनं पुण्याहून एक तरुण पाठवला, आम्हाला समजावून सांगायला. मुलगा हुशार होता आणि मनापासून सांगत होता. म्हणाला, "याला ओळखीचं पाकीट म्हणा. आत्तापर्यंत तुमची माहिती दहा ठिकाणी पडून असायची. आता ती एका मोठ्या गोदामात साठवायचीच नाही. ज्याची त्यानं आपल्या फोनमध्ये ठेवायची. कुणी मागितली तर फोन आधी तुम्हाला विचारणार. तुम्ही हो म्हणाल तेवढंच समोर जाईल."

सगळे पेंगत होते. सोळंके बाबू, आमचे क्लार्क, आणखी एक काम वाढलं म्हणून कपाळाला हात लावून बसले होते. एकट्या वंदना मॅडम पुढं सरकून ऐकत होत्या. त्यांनी हात वर केला.

"पोरगी चौदा वर्साच्या आतली आहे, एवढंच दाखवाचं असलं सामन्यात, तं जन्मतारीख दाखवा लागंन का?"

"नाही मॅडम. समोरच्याला फक्त 'हो' दिसेल. तारीख नाही, पत्ता नाही, बापाचं नाव नाही."

"बापाचं नाव बी नाई?"

"नाही."

त्या खुर्चीत मागं टेकल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा मॅडम. आपुन चिकटपट्टी लावत बसलो." मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्या शिक्षिकांनी महिनाभर टाळाटाळ केली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोळंके बाबूंसमोर बसून समीक्षाचं पाकीट उघडायला घेतलं. तिचा जन्मदाखला क्रमांक टाकला, आपला मोबाइल नंबर टाकला, आणि शेवटचं बटण दाबलं.

मी तास संपवून बाहेर आले तर त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. हे वाचा बरं."

पडद्यावर लिहिलं होतं: 'आपली विनंती पाल्याच्या पालकाकडे संमतीसाठी पाठवण्यात आली आहे.'

"पालकाकडे म्हंजे कोणाकडे?" त्या म्हणाल्या. "पालक तं मी आहो."

 आम्ही दोघी सोळंके बाबूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ शोधलं. मग हळूच म्हणाले, "जन्माच्या नोंदीत जो मोबाइल नंबर आहे, त्याच्यावर गेली दिसते."

"तो तं त्याचा नंबर आहे."

"कोणाचा?"

मॅडम बाबूंच्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "काय गेलं असंन त्याले?"

बाबूंनी आपल्या पडद्यावर बघून वाचून दाखवलं. समीक्षाचं पूर्ण नाव. तिची ओळख तपासण्याची विनंती. विनंती करणारी संस्था म्हणून आमच्या शाळेचं नाव, आणि खाली, चिखली, जिल्हा बुलढाणा.

"वापस घ्या ते, बाबू."

"बटण नाई ना, मॅडम."

"बटण नाई म्हंजे?"

"विनंती रद्द कराची असली तं..." बाबूंनी चष्मा काढला. "तं पालकानं नकार द्यावा लागते."

मी त्या पुण्याच्या मुलाला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं. पण म्हणाला, "मॅडम, सिस्टीमनं चुकीचं काहीच केलेलं नाही. अठराच्या आतल्या मुलांची माहिती पालकाला विचारल्याशिवाय आम्ही हलवतच नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच आहे ते."

"अहो, पण शाळेचं नाव कशाला कळवायचं?"

"कोण मागतंय हे सांगितल्याशिवाय संमती कशी मागणार?"

  मी म्हटलं, निदान तो निरोप त्याच्या फोनवरून पुसता येईल का? तो म्हणाला, "एकदा त्यांच्या फोनमध्ये गेलं की ते त्यांचं, मॅडम. आम्हीसुद्धा हात लावू शकत नाही. तीच तर कल्पना आहे."

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी फोन ठेवला आणि मान हलवली. त्यांचा पुढचा तास आठवीच्या मुलींचा होता. त्या ग्राउंडवर गेल्या आणि त्यांनी तो घेतला.

आम्ही पोलिसांकडेही गेलो. तिथल्या बाईंनी नीट बसवलं, पाणी दिलं. "आता मारलं का त्यानं? नाही. धमकी देली? नाही. फारकत झाली का? नाही. मंग ताई, बाप आपल्या पोरीच्या शाळेत येईन म्हणून मी कायची तक्रार लिहू?" त्याही चिडून बोलत नव्हत्या. "आला अन् काही केलं, तर लगेच या," असं म्हणाल्या. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच बोलल्या, "केल्यावर या म्हणते." मी म्हटलं, माझ्या घरी येऊन राहा दोघी. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी लेकरं हायेत." समीक्षाला मात्र रोज शाळा सुटल्यावर माझ्यासोबत पाठवायच्या आणि अंधार पडायच्या आत येऊन घेऊन जायच्या.

तो आला सकाळी, प्रार्थना संपल्यावर. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत हजेरीपट घ्यायला गेले तर खुर्चीत एक सावळा, देखणा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस बसला होता. टेबलावर पेढ्यांचा डबा उघडा होता. सरांनी एक पेढा खाल्लाही होता. मला बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"या मराठीच्या मॅडम," सर म्हणाले. "हे आपल्या समीक्षाचे वडील. किती दिवसांनी पत्ता लागला बघा बिचाऱ्यांना."

"तुमच्या शाळेचे उपकार आहेत," तो म्हणाला. "माणसं तोडणारे लय भेटतात. तुम्ही मेसेज पाठवून पोरीची भेट करून देली."

वंदना मॅडमना बोलावणं गेलं. त्या आल्या, दारातच थांबल्या. चेहरा असा कोरा, की माझ्या ओळखीच्या बाई त्या नव्हेतच. त्यांची पाठ, जी नेहमी ताठ असायची, खांद्यापासून वाकली होती. तो बोलला, "कशी आहेस?"  सर म्हणाले, "मॅडम, बसा ना. घरातले वाद घरात मिटलेले बरे."

समीक्षाला आणलं. ती आली, बापाला बघितलं आणि तिला उचकी लागली. त्यानं तिला जवळ घेतलं, पेढा भरवला, तिच्यासोबत आपल्या मोबाइलवर फोटो काढला. सरांनाही फोटोत घेतलं. उचकी लागतच होती. "पप्पा, माझा गणिताचा तास आहे," ती म्हणाली. तो हसून म्हणाला, "जा बेटा, अभ्यास महत्त्वाचा."

मी म्हटलं, "सर, मॅडमना तुमच्याशी एकट्याशी बोलायचं आहे." सर म्हणाले, "बोलू की नंतर."

निघताना तो वंदना मॅडमच्या समोर जरा थांबला. अगदी मायेनं म्हणाला, "काही घाई नाही. आता समजलं ना कुठी आहे ते. येत जाईन."

तो गेल्यावर सर माझ्याकडे वळले. "सभ्य माणूस वाटतो हो." मी त्यांना अमडापूरच्या पारावर ऐकलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग उरलेल्या पेढ्यांकडे बघत म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आपण शाळेनं काय करायचं?" पण त्यांचा आवाज आधीसारखा राहिला नव्हता. डबा त्यांनी शिपायाला देऊन टाकला.

त्याच आठवड्यात एका सकाळी मॅडम शाळेत आल्या नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेले. घरमालकीण म्हणाली, "काल किल्ली देऊन गेल्या. सामान म्हणाल तर होतंच किती. मांजर मले देऊन गेल्या." मांजर पायरीवर बसली होती. माझ्यासाठी निरोप नव्हता. मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांची ओळख, आणि एक शब्दही नाही.

तो राग पुढच्या आठवड्यात गेला. समीक्षाचा बाप पुन्हा आला, लेकीसाठी गोष्टींची पुस्तकं घेऊन. त्या दोघी गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही; डोळे मात्र चमकले. मॅडम म्हणाल्या होत्या ते खरं होतं. तो माझ्याकडे आला. "तुम्ही तिच्या जवळच्या ना? कुठी गेली, काही बोलली असंन." मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मला माहीत नाही." ते खरं होतं, म्हणूनच मला ते बोलता आलं. तो बराच वेळ माझा चेहरा वाचत राहिला. त्यात वाचण्यासारखं काही सापडेना, तेव्हा गेला.

जाताना सोळंके बाबूंना म्हणाला, "आणखी कुठल्या शाळेत नाव टाकलं तर मले मेसेज येईनच, नाही?"

बाबू खोटं बोलू शकत होते, पण तो माणूस बटणं दाबून सगळं बघून बसला होता. बाबू म्हणाले, "येईन."  संध्याकाळी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "मॅडम, मी लय जागी अर्ज केले. तो नंबर बदला म्हणून. सगळे म्हणतात, नंबर बदलाले पालकाची संमती लागते." मग म्हणाले, "पोरगी शाळेत टाकली का तो पोचते. नाही टाकली तं नाही." 

मध्ये बराच काळ गेला. मी आणि माझे यजमान एका लग्नाला निघालो होतो. कुठं, ते सांगणार नाही. जिल्ह्यात की जिल्ह्याबाहेर, तेही नाही. एसटी चहासाठी एका फाट्यावर थांबली. सोमवार होता, अकरा-साडेअकराची, शाळेची वेळ. माझी जागा खिडकीजवळ होती. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बादल्या, टब, झाडू विकायला मांडून वर एक ताडपत्री लावलेली होती. तिच्याखाली एक बाई बादल्या एकात एक बसवत होती. केस कापलेले, अंगावर विटकी साडी, पायात स्लिपर. बादली उचलून फेकायची तिची पद्धत बघून मी खिडकीच्या गजाशी वाकले.

शेजारी एक मुलगी खाली बसून झाडूंना दोरी गुंडाळत होती. बरीच उंच झाली होती. तिनं सहज मान वर केली आणि खिडकीत मी तिला दिसले.

यजमान म्हणाले, "कोण गं? ओळखीचं आहे का कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

समीक्षाच्या हातातला झाडू खाली पडला. वर्गात बाई आल्या की मुलं उठतात ना, तशी ती उठायला लागली. गुडघे जमिनीवरून सुटले, पाठ सरळ झाली, दोन्ही हात आपोआप जुळायला निघाले. वंदना मॅडमनी मान वर केली नाही. बसकडे बघितलंही नाही. बादल्यांकडे बघत बघतच त्यांनी एक हात लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि तिला हळूच खाली दाबलं.

समीक्षा पुन्हा बसली. कंडक्टरनं घंटी मारली.